दोन बोटांची फट

गेल्या साली जनरेटर घेतला, दोन चाकांचा,
हुकाला लावून जत्रांना न्यायचा.
लावला की पिकअप मागून बसायची,
नाक वर, हेडलाइट बाभळीच्या शेंड्यावर,
आणि स्टेअरिंग हातात ताकासारखं पातळ.
कुणी म्हणालं, पाटे वाढव.
वाढवले. एकेका बाजूला दोन-दोन.
गाडी ताठ झाली, मांडवातल्या जावयासारखी,
मी पण खूश.

पण जनरेटर वर्षातून चाळीस रात्री.
बाकीचे दिवस मी भोपळे वाहतो,
मंगळवेढ्याकडचे, वाळलेले,
पोटात हवा आणि खुळखुळणारं बी,
मिरजेला, तंतुवाद्यांच्या गल्लीत.
हौदा शिगोशीग भरून वर जाळी बांधली
तरी दोनशे किलो भरत नाही.
तेवढ्यानं पाटे मानसुद्धा हलवायचे नाहीत.
नागजच्या पुढं रस्ता उखडलेला.
एकेक खड्डा जसाच्या तसा वर पोचवायची गाडी,
चुगलीखोर.

मकबूलचाचा भोपळा मांडीवर घ्यायचे,
पेरानं टिचकी मारायचे, कान जवळ न्यायचे,
आणि बाजूला ठेवायचे.
बोलायचे काही नाहीत.
त्या खेपेला बाजूची रास एकोणीसवर गेली.
त्यातला एक माझ्या हातात दिला,
"ह्याचा तानपुरा झाला असता."
एवढंच.
घरी आणला. अजून माळ्यावर आहे.

कवठेमहांकाळला स्टँडमागं दस्तगीर शिकलगार.
गाडीखाली वाकलासुद्धा नाही आधी.
"हौद्यात चढ. उडी मार."
मारली.
"हलली का?"
"नाही."
"मग हिला कमान कशाला पायजे? ओंडका टाकायचा की."

यू-बोल्ट सुटेनात. डिझेल पाजून रात्रभर ठेवले.
सकाळी पाटे एकेक करून बाहेर आले,
गंजाचा भुगा, जुना चिखल,
कुठल्या तरी जत्रेतला चिरमुरासुद्धा.
दस्तगीरनं प्रत्येक पाटा तारेला टांगला,
हातोडीनं हलकेच विचारलं.
टण्ण.
टण्ण.
टण्ण.
थद्.
"ह्यो कवाच गेलाय.
डोळ्याला दिसायचं न्हाई, आवाजाला कळतंय."
मी मान हलवली.
ही टिचकी मी ओळखत होतो.

मग पातळ पाटे, नीट वाक दिलेले, मध्ये ग्रीस.
बुश नवे, शॉकप नवे,
पैसे विचारू नका.
आणि सगळ्यांच्या खाली एक जाड, सरळ पाटा,
टोकं कुणालाच न शिवणारी.
"हा कशाला, मोकळाच?"
"भोपळं भरलंस तर ह्यो झोपून राहणार.
जनरेटर लावलास की वरचं वाकत वाकत ह्याच्यावर टेकत्यात.
मग ह्यो उठतोय.
तवर त्याला कामाला बोलवायचं न्हाई."
फट मोजली दोन बोटांनी,
त्याच्या, माझ्या नाही.
माझी तीन गेली असती.

निघताना खिडकीत आला.
"डिझेलची पिंपं हुकाकडं ठेवतोस न्हवं?
ती जनरेटरच्या चाकावर घे. गाडीचं निम्मं दुखणं तितंच हाय.
सगळा दोष लोखंडाच्या नावावर घालू नगंस."

शिरढोणचा स्पीडब्रेकर आला.
सवयीनं दात आवळले,
जीभ आत घेतली.
गाडी नुसती "हं" म्हणाली
आणि पुढं गेली.
दात तसेच आवळलेले राहिले, पार मिरजेपर्यंत.
त्या खेपेला बाजूला दोनच.
चाचांनी चहा सांगितला,
आधी कधी सांगितला नव्हता.

चैत्रात बेडगच्या बाजूला जत्रा होती.
अंधारात जनरेटर हुकाला लावला,
पिंपं चाकावर घेतली,
पिन टाकली, साखळी अडकवली.
गाडी थोडी बसली
आणि खालून आवाज आला,
टक्.

टॉर्च घेऊन आडवा झालो.
फटीत बोट घालून पाहिलं.
जाईना.